नाशिकमध्ये रुडबेकिया: बागेसाठी आणि कट फ्लॉवरसाठी

जूनमध्ये झेंडू लावायचा आणि दसरा-दिवाळीला तोडायचा, हे गणित नाशिक भागात इतके अंगवळणी पडले आहे की कुठलेही नवे पिवळे फूल आणले की त्यालाही तेच लावले जाते. रुडबेकियाला ते चालत नाही. पहिल्या पावसावर पेरलेले रुडबेकिया ऑगस्टपर्यंत पानांचा छान गोल पसारा करून जमिनीलगत बसते. दिवाळी जाते, नाताळ जातो, दांडा काही वर निघत नाही. खत कमी पडले असेल म्हणून युरिया टाकला जातो, त्याने पाने तेवढी मोठी होतात. दोष खताचा नसून दिवसाच्या लांबीचा असतो.

आधी दिवस मोजा

शेवंती दिवस लहान झाले की कळी धरते. रुडबेकिया नेमके उलटे, दिवस मोठा झाल्याशिवाय कळीकडे वळत नाही. नाशिकला डिसेंबरच्या शेवटी दिवस 11 तासांहून किंचित लहान असतो, 20 मार्चच्या सुमारास 12 तासांचा होतो आणि 21 जूनला 13 तास 20 मिनिटांच्या आसपास पोहोचतो. सकाळ-संध्याकाळचा संधिप्रकाशही रोपाला जाणवतो, म्हणून त्याच्या हिशेबी दिवस याहून थोडा मोठा असतो. 12 तासांच्या खाली रोप बसून राहते, 13-14 तासांकडे गेले की दांडा सोडते. नेमका आकडा जातीप्रमाणे बदलतो.

दुसरी अट वयाची. अंगावर आठ-दहा पाने असल्याशिवाय रोप मोठ्या दिवसालाही नीट दाद देत नाही. जूनची पेरणी फसते ती इथेच. रोप वयात येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो आणि दिवस उतरणीला लागलेले असतात. एखाददुसरे रोप घाईघाईत आखूड दांड्यावर एक फूल देते आणि थांबते.

म्हणून नाशिकसाठी पेरणीच्या दोन वेळा सोयीच्या. मुख्य पेरणी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर. ही रोपे थंडीत पसरतात, मुळे खोल जातात, मार्चअखेरपासून दांडे वर येतात आणि फुलांचा भर एप्रिल-मे-जूनमध्ये येतो. दांडा सर्वात लांब आणि फुले सर्वात जास्त याच पिकाला मिळतात. दुसरी पेरणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. तिची रोपे लहान राहतात, दांडे कमी येतात, पण मे-जूनला कुंड्या आणि ताटवे भरायला ती पुरेशी आहे. कट फ्लॉवरसाठी, म्हणजे लांब दांड्यासह तोडून विकायच्या फुलांसाठी, पहिलीच पेरणी धरा.

कोणती जात घ्यायची

नर्सरीत रुडबेकिया मागितल्यावर हातात गलांडा येऊ शकतो, कधी कोरिऑप्सिस. ओळख सोपी आहे. रुडबेकियाच्या फुलाचा मध्य उंच वर आलेला, शंकूसारखा आणि बहुधा गडद तपकिरी असतो. पानांना आणि दांड्याला खरखरीत लव असते. एकिनेशियाचा शंकूही उंच असतो, पण हाताला टोचतो. रुडबेकियाचा टोचत नाही.

मूळ उत्तर अमेरिकेतल्या या वनस्पतीच्या वीसेक प्रजाती आहेत. नवख्याने सुरुवात रुडबेकिया हिर्टापासून करावी. तिला फुलण्यासाठी कडक थंडी लागत नाही, बियाण्यापासून त्याच हंगामात फूल मिळते आणि बाजारातल्या बहुतेक नावाजलेल्या जाती तिच्याच आहेत.

कट फ्लॉवरसाठी पहिली निवड 'इंडियन समर'. उंची 90 ते 100 सेंमी, फूल 15 सेंमीच्या पुढे जाणारे, सोनेरी पाकळी, काळपट मध्य. 1995 मध्ये तिला ऑल अमेरिका सिलेक्शन्सचा, म्हणजे नव्या जातींची चाचणी घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचा, पुरस्कार मिळाला आणि आजही ती भरवशाची आहे. तिचा एकच त्रास, फूल इतके मोठे की लहान गुच्छात बाकीच्यांना झाकून टाकते. 'प्रेअरी सन'चा मध्य हिरवट आणि पाकळ्यांची टोके फिकट लिंबू रंगाची, उंची साधारण 75 ते 90 सेंमी. पांढऱ्या फुलांबरोबर ती सुरेख जाते. 'आयरिश आइज'चाही मध्य हिरवा असतो, फूल मात्र एकरंगी पिवळे.

रंग हवे असतील तर 'चेरोकी सनसेट'. भरगच्च पाकळ्यांची, पिवळ्यापासून तांबूस, विटकरी, महोगनीपर्यंत, 60 ते 75 सेंमी. एका पाकिटातून काय काय निघेल ते आधी सांगता येत नाही. 'सहारा' तर त्याहून लहरी. जुन्या कापडासारखे उतरलेले गुलाबी, कॅरमेल, तांबूस पिवळे रंग तिच्यात येतात आणि लग्नाचे डेकोरेटर नेमके तेच मागतात. पण दर रोप वेगळे, काही साधी पिवळीही निघतात. एका रंगाच्या शंभर दांड्यांची ऑर्डर 'सहारा'वर घेऊ नका. 'चेरी ब्रँडी' गडद लाल, उंची 50 ते 60 सेंमी. बागेत शोभते, दांडा मात्र गुच्छाला थोडा तोकडा पडतो.

कुंडी आणि ताटव्याच्या कडेसाठी 'टोटो' ही 25-30 सेंमीची बुटकी जात, आणि अर्धवट भरलेल्या पाकळ्यांची 'गोल्डिलॉक्स'. 8 ते 10 इंची कुंडीत एकच रोप. दोन लावली की आतली पाने पिवळी पडून भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, येते.

हिर्टाखेरीज एक प्रजाती मुद्दाम लावण्यासारखी आहे, ट्रायलोबा. फुले लहान, चार-पाच सेंमीची, पण एका फांदीवर डझनांनी. गुच्छ भरायला, मोठ्या फुलांमधली पोकळी बुजवायला ती फार कामाची, आणि फुलदाणीत हिर्टापेक्षा जास्त टिकते. उंची मीटरभराच्या पुढे जाते, अंतर 45 सेंमी ठेवावे लागते. तिच्यातली 'प्रेअरी ग्लो' तांबूस-पिवळी दुरंगी आहे.

परदेशी व्हिडिओंमध्ये सगळीकडे दिसते ती 'गोल्डस्टर्म'. ती फुल्जिडा प्रजातीची, खऱ्या हिवाळ्याच्या देशातली. बी उगवायलाच महिनाभर ओल्या गारव्यात ठेवावे लागते आणि पहिल्या वर्षी फुलाची आशा धरू नये. लॅसिनिएटा दोन मीटर उंच जाते आणि सतत ओल मागते. मॅक्सिमाची निळसर पाने देखणी असतात, पण मोठे व्हायला ती वेळ घेते. या तिन्ही पहिल्या वर्षी सोडून द्या.

रोपे तयार करणे

बी बारीक असते, एका ग्रॅममध्ये दोन-तीन हजार. शंभर रोपे हवी असतील तर 140 बिया टाका. 98 कप्प्यांच्या ट्रेमध्ये धुतलेले कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत 3:1 प्रमाणात भरा. कोकोपीट न धुता वापरले तर त्यातल्या क्षारांनी कोवळी मुळे टोकाला तपकिरी होतात आणि रोप दोन पानांवर अडकते.

दर कप्प्यात एक-दोन बिया पृष्ठभागावर ठेवून बोटाने दाबा. वर गांडूळखताची जेमतेम चिमूट, बी अर्धवट दिसत राहील इतकीच. उगवणीला उजेड लागतो. अर्धा सेंटीमीटर खाली गाडले की निम्मे बी वाया. पाणी झारीने न देता ट्रे दहा मिनिटे पाण्याच्या घमेल्यात ठेवून खालून ओढू द्या. 20 ते 22 अंशांना 7 ते 14 दिवसांत उगवते. ऑक्टोबरात नाशिकची हवा बरीचशी जुळते. जानेवारीअखेरच्या पेरणीला रात्र 10-12 अंशांवर जाते, तेव्हा ट्रेवर रात्री पॉलिथिन टाका आणि तीन आठवडे धीर धरा. निफाडकडे, जिथे पारा आणखी घसरतो, तिथे ट्रे भिंतीच्या आडोशालाच हवेत.

उगवल्यावर पॉलिथिन लगेच काढा. ते राहिले की रोपे देठाशी बारीक होऊन कोलमडतात. मर दिसलीच तर त्या भागातले कप्पे उपसून टाका, पाणी एक दिवस तोडा आणि ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून द्या. चार-पाच खरी पाने आली की रोप लागणीला तयार, म्हणजे पेरणीपासून पाच-सहा आठवडे. ट्रेमध्ये त्याहून जास्त दिवस ठेवू नका. मुळे कप्प्यात गुंडाळली गेली की लागणीनंतरही रोप खुजे राहते.

वाफा आणि लागण

नाशिकच्या काळ्या जमिनीत अन्नाची कमतरता नसते, अडचण पाण्याच्या निचऱ्याची असते. रुडबेकियाचा गड्डा, म्हणजे मुळे आणि पाने जिथे जुळतात ती जागा, चार दिवस ओली राहिली की कुजते. म्हणून 90 सेंमी रुंद आणि 30 सेंमी उंच गादीवाफा करा, मध्ये 45 सेंमीची वाट. भारी जमीन असेल तर वरच्या थरात बारीक मुरूम मिसळा.

10 मीटर लांबीच्या एका वाफ्याला चांगले कुजलेले शेणखत 30 ते 35 किलो, निंबोळी पेंड 1 किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट 450 ग्रॅम. शेणखत अर्धे कच्चे असेल तर मुळे खाणारी हुमणी अळी आलीच म्हणून समजा. वाफ्यावर 16 मिमीच्या दोन ठिबक नळ्या पसरा. तीन ओळी, ओळीत आणि ओळींमध्ये 30 सेंमी अंतर, म्हणजे वाफ्यात शंभरच्या आसपास रोपे. नुसत्या बागेसाठी लावत असाल तर अंतर 40 सेंमी करा, झाड अंगाने भरते.

वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, संध्याकाळी चारनंतर लागण करा. रोप ट्रेमध्ये होते त्याच पातळीवर बसवा. गड्डा मातीत पुरला की कूज, वर उघडा राहिला की रोप डुलते आणि तिरके वाढते. जागा पूर्ण उन्हाची हवी, किमान सहा तास. इमारतीच्या सावलीत दांडा उजेडाच्या बाजूला वाकतो आणि वाकलेला दांडा बाजारात कोणी घेत नाही.

उंच जातींना आधार लागतो. शेवंतीची 15 सेंमी चौकोनाची जाळी मिळते तीच जमिनीपासून 25 सेंमीवर ताणून ठेवा आणि झाडे वाढतील तशी वर सरकवा. हे काम दांडे निघण्याआधीच झाले पाहिजे. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या एका वाऱ्यात 'इंडियन समर' आडवे होते आणि दोन दिवसांत फुलांच्या माना वर वळून दांडे कोयत्यासारखे वाकडे होतात.

पाणी, खत, शेंडा

पहिले दहा दिवस रोज थोडे पाणी, नंतर वरची दोन बोटे माती सुकल्यावरच. थंडीत जमिनीच्या कसाप्रमाणे तीन-चार दिवसांनी पुरते, एप्रिल-मेमध्ये रोज किंवा दिवसाआड. दुपारी पाने मलूल दिसली तरी लगेच पाणी सोडू नका. सायंकाळी ती सावरली तर पाणी पुरेसे आहे. सकाळीही मलूल असतील तर माती उकरून बघा. कोरडी असेल तर पाणी, ओली असेल तर गड्डा कुजतो आहे.

लागणीनंतर तीन आठवड्यांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेले विद्राव्य खत) आठवड्याला 20-25 ग्रॅम प्रति वाफा, ठिबकमधून. दांडे वर यायला लागले की ते थांबवून 13:00:45 (पालाश जास्त असलेले खत) आठवड्याला 20 ग्रॅम. द्राक्षबागेच्या शेडमध्ये ही दोन्ही पोती असतातच, त्यामुळे हात सैल सुटतो. रुडबेकियाला कमी खत चालते, जास्त चालत नाही. जास्त नत्राने दांडा जाड पण पोकळ होतो आणि फुलाखालीच मोडतो.

हिर्टा बुडापासून आपोआप फुटते, शेंडा खुडलाच पाहिजे असे नाही. पण सारख्या जाडीचे जास्त दांडे हवे असतील तर मधला दांडा 20-25 सेंमी झाल्यावर त्याचा शेंडा खुडा. फुले आठ-दहा दिवस उशिरा येतात. मोठे फूल हवे असेल तर खुडू नका. फक्त मधले पहिले फूल तोडताना दांडा खोलवर, खालच्या दोन-तीन फुटव्यांच्या वरून कापा. वरवर कापले की पुढचे सगळे दांडे आखूड.

हिवाळ्यात फुले हवी असतील तर

लग्नसराईत, जानेवारी-फेब्रुवारीला फुले काढायची तर रात्री दिवा लावावा लागतो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला पावसापासून झाकलेल्या ट्रेमध्ये पेरा, ऑक्टोबरमध्ये लागण करा आणि रोपावर आठ-दहा पाने आली की रोज रात्री 10 ते 2 दिवे चालू ठेवा. दिवस लांबवण्यापेक्षा रात्र मध्येच तोडणे स्वस्त पडते. 10 मीटरच्या वाफ्याला 12 वॅटचे पिवळसर उजेडाचे 5 एलईडी बल्ब, दोन-दोन मीटरवर, पानांपासून 1.2 मीटर उंचीवर. मोबाइलवरच्या लक्स मीटरने पानाच्या उंचीवर 100 लक्स तरी दिसले पाहिजेत, कोपऱ्यांतही. वीज रात्रीला पाव युनिटपेक्षा कमी. सगळ्या झाडांवर स्पष्ट कळ्या दिसेपर्यंत, म्हणजे सहा-आठ आठवडे, एकही रात्र न चुकवता. रात्रीचे भारनियमन असेल तर टायमर आणि इन्व्हर्टरची सोय आधी बघा, नाहीतर या भानगडीत पडू नका.

आणि बांधापलीकडे कोणाची शेवंती आहे का ते पाहा. तुमचा उजेड तिच्यावर पडला तर तिची कळी अडते, आणि मग भांडण तुमच्या दारात. रस्त्याच्या दिव्याखालच्या कुंडीतले रुडबेकिया बाकीच्यांच्या आधी फुलते, तेही याच कारणाने.

तोडणी

रुडबेकियात पाकळी वाटते ती प्रत्येक पाकळी एक स्वतंत्र फूल असते, आणि मधल्या शंकूवर शेकडो बारीक फुले खालून वर वलयावलयाने उमलत जातात. शंकूच्या तळाशी परागाचे पिवळे कडे दिसते ते पहिले वलय. तोडणीची वेळ याच कड्यावरून ठरवा. पाकळ्या पसरून सपाट झाल्या आहेत आणि कडे नाही किंवा नुकतेच दिसू लागले आहे, तेव्हा तोडा. कडे शंकूच्या मध्यावर चढले असेल तर ते फूल घरच्या फुलदाणीसाठी. पाकळ्या अजून वर उभ्या असताना तोडले तर पाण्यात फूल उमलत नाही, मान टाकते. खात्री नसेल तर फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलवा. मान लचकली तर आणखी एक-दोन दिवस थांबा.

उन्हाळ्यात तोडणी सकाळी साडेसातच्या आत संपवा. बादली शेतातच न्यायची. खालची दोन तृतीयांश पाने काढा, ओली लवदार पाने पाण्यात राहिली की पाणी एका रात्रीत गढूळ होऊन वास मारते. हे फूल पाणी फार लवकर खराब करते. म्हणून एक लिटर पाण्याला घरगुती ब्लीचचे 1 मिली घाला आणि बादली रोज घासा. चार तास तरी सावलीत पाणी पिऊ द्या, मगच जुड्या बांधा. दहा दांड्यांची जुडी, फुले एका पातळीत, दांडे खालून सारखे कापलेले. एवढे केले की फूल 7 ते 10 दिवस टिकते. लवेने काहींच्या हाताला खाज सुटते, हातमोजे घाला.

हे हाराचे फूल नाही, किलोवर विकायला गेलात तर निराशा होईल. ज्यांच्याकडे गुच्छ बनतात ते फुलवाले आणि डेकोरेटर यांनाच दाखवा, आणि लागणीआधी दाखवा. जानोरी-मोहाडीकडून गुलाब उचलणाऱ्यांना दांड्याच्या मालाची सवय असते, तिथे बोलणे सोपे जाते. पहिल्या वर्षी दोन वाफ्यांच्या पुढे जाऊ नका.

काय बिघडते

थंडीत भुरी, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. पाण्यात विरघळणारे 80 टक्के गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर, सकाळी. तापमान 32 अंशांच्या पुढे असताना गंधक मारले तर पाने भाजतात, त्यामुळे मार्चनंतर ते बंद. खालच्या पानांवर काळपट तपकिरी ठिपके येऊन ते वर चढत असतील तर मातीचे शिंतोडे उडत आहेत. ती पाने काढून लांब टाका, वाफ्यावर उसाचे पाचट पसरा, वरून पाणी देणे बंद करा. एवढ्याने भागले नाही तर कॉपर ऑक्सिक्लोराइड 2.5 ग्रॅम प्रति लिटर.

कोवळ्या शेंड्यावर मावा बसतो. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग निंबोळी तेल. पाकळ्या एका बाजूने आखूड, कुरतडल्यासारख्या उमलल्या तर फूल पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर फुलकिडे पडतील. फूल हिरवेच राहिले, शंकूतून पानांसारखे काही फुटू लागले तर तो तुडतुड्यांनी आणलेला रोग आहे. त्यावर औषध नाही, झाड मुळासकट उपटून जाळा.

पावसाळा लागल्यावर

जूनच्या मध्यावर फुले ओसरू लागली की झाडे एक तृतीयांश छाटा आणि बुडाशी हवा खेळू द्या. सिन्नर, येवला, चांदवडच्या कमी पावसात ती जुलैमध्ये पुन्हा थोडी फुलतात. इगतपुरी-त्र्यंबककडे गड्डे कुजतातच, तिथे जूनअखेर वाफा मोकळा करून टाकलेला बरा. हिर्टा तशीही एक-दोन वर्षांची सोबती, जुने झाड धरून ठेवण्यात फायदा नाही.

बी धरायचे असेल तर पाऊस सुरू होण्याआधीच्या फुलांचे धरा. पाकळ्या गळून शंकू पूर्ण तपकिरी होऊन बोटाने चुरडला की बी पिकले. कागदावर आठवडाभर सावलीत वाळवून बंद डब्यात ठेवा. शेजारी दोन जाती असतील तर मधमाश्या परागांची सरमिसळ करतात, त्यामुळे 'प्रेअरी सन'चे बी धरून 'प्रेअरी सन'च येईल ही अपेक्षा ठेवू नका. विक्रीच्या वाफ्याला दरवर्षी नवे पाकीट घ्या, घरचे बी कुंपणाकडेला टाका. उरलेले शंकू दांड्यासह उलटे टांगून वाळवले की दिवाळीच्या सुक्या गुच्छांत चालतात, डेकोरेटरला तेही विचारून ठेवा.